तुम्ही स्वतः बघितलंत ना?

मावशीच्या मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचा, रिपोर्ट आणायला मी तिच्याबरोबर गेले होते. काही झालेलं नव्हतं, ठरावीक वयानंतर करायची ती नेहमीची तपासणी. काउंटरवरच्या मुलीने पाकीट पुढे सरकवलं, मावशीने ते उभ्या उभ्याच फोडलं, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि अगदी पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. नाव, वय, तारीख, कुणी पाठवलं, सगळं. मी तोवर तिच्या खांद्यावरून निष्कर्षाची ओळ गाठली होती. सगळं ठीक होतं. सकाळपासून पोटात आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं. मावशी मात्र वाचत वाचत पानाच्या तळाशी पोचली आणि तिथे थबकली. बारीक अक्षरात एक ओळ होती: प्रतिमांच्या वाचनासाठी एआय प्रणालीचं साहाय्य घेतलं आहे.

"म्हणजे बघितलं कुणी?" तिने काउंटरवर विचारलं.

"मॅडम, खाली डॉक्टरांची सही आहे ना."

"सही दिसतेय मला. बघितलं कुणी, ते विचारतेय."

मुलीने मान वर केली. हा प्रश्न तिला नवा नसावा, कारण उत्तर तयार होतं. "सिस्टिम आधी बघते, मग सर बघतात." मावशी म्हणाली, "मग सरांनी आधी बघावं आणि सिस्टिमने मग." मागे रांगेत कुणीतरी हसलं. मी मावशीचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. बाहेर पडल्यावरही ती धुसफुसत होती. एवढे पैसे घेतात, एवढी मोठाली यंत्रं, तो छाती दाबून धरणारा थंड पत्रा, आणि शेवटी बघायला माणूस नाही? मी म्हटलं, अगं माणूस आहे. ती म्हणाली, तुला काय माहीत.

रात्री तिचा फोन आला. आवाजात दुपारचा कडवटपणा औषधालाही नव्हता. तिने रिपोर्टचा फोटो काढून मोबाइलवरच्या चॅटबॉटला दिला होता आणि त्यातल्या 'डेन्स टिश्यू'बद्दल विचारलं होतं. "इतकं छान समजावलं गं त्याने! दाट ऊती असल्या की फोटोत पांढऱ्या दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते, म्हणून वाचायला अवघड जातं. मग मी विचारलं, घाबरायचं का? तर म्हणाला, पुष्कळ बायकांमध्ये असतं, डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या." मी ऐकून घेतलं आणि शेवटी न राहवून म्हटलं, मावशी, तो पण एआयच आहे.

"माहितीये मला," ती म्हणाली. "पण त्याला मी विचारलं."

हे वाक्य त्यानंतर बरेच दिवस माझ्या डोक्यातून जाईना. आधी गंमत वाटली, मग मावशीच्या विसंगतीवर थोडं हसून झालं, मग वाटायला लागलं की यात विसंगती नाहीच. दुपारची मावशी आणि रात्रीची मावशी एकच गोष्ट बोलत होत्या.

लोकांचा कल मोजणारे आकडे चाळले तरी ही दुपार-रात्र दिसते. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने डिसेंबर २०२२ मध्ये अकरा हजारांवर प्रौढांना विचारलं होतं की तुमच्या डॉक्टरने निदान करताना, उपचार सुचवताना एआयवर भिस्त ठेवली तर कसं वाटेल? ६० टक्के म्हणाले, अस्वस्थ वाटेल. पण एआयमुळे डॉक्टरांच्या चुका कमी होतील म्हणणारे ४० टक्के होते आणि वाढतील म्हणणारे २७. म्हणजे चुका कमी होतील असं मानूनही अस्वस्थ असणारे लोक त्यात असणारच. त्वचेच्या कर्करोगाच्या तपासणीत एआय वापरायला ६५ टक्के तयार होते, आणि मनाच्या दुखण्यासाठी चॅटबॉट नको म्हणणारे होते ७९ टक्के. डाग बघायला यंत्र चालेल, दुःख ऐकायला नको. ५७ टक्क्यांना वाटत होतं की यामुळे डॉक्टर आणि पेशंट यांच्यातलं नातं बिघडेल. हे वाचताना मी मान डोलावत होते. माझंही उत्तर बहुधा हेच आलं असतं. डोळ्याचं काम यंत्राला, कानाचं काम माणसाला. वाटणी कशी स्वच्छ वाटते.

ती टिकत नाही, हीच अडचण. २०२३ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. लोकांनी इंटरनेटवर विचारलेले आरोग्याचे १९५ प्रश्न घेतले, त्यांना खऱ्या डॉक्टरांनी दिलेली उत्तरं आणि चॅटबॉटने दिलेली उत्तरं कोणाची कोणती हे न सांगता आरोग्यक्षेत्रातल्याच जाणकारांपुढे ठेवली. ७८.६ टक्के वेळा पसंती चॅटबॉटला मिळाली. सहानुभूतीच्या रकान्यात तर डॉक्टरांची दाणादाण उडाली: त्यांची ४.६ टक्के उत्तरं आपुलकीची ठरली, यंत्राची ४५.१ टक्के. मला डॉक्टरांची बाजू घ्यावीशी वाटते. ते बिचारे आपल्या वेळात, फुकट, कुणा अनोळखी माणसाला सरासरी बावन्न शब्दांत उत्तर देत होते, यंत्राकडे दोनशे अकरा शब्द होते आणि कंटाळा नव्हता. दमलेल्या माणसाची तुलना न दमणाऱ्याशी केली तर काय होणार? पण पेशंटच्या वाट्याला दमलेलाच माणूस येतो, हेही तितकंच खरं.

मग दुसरा अभ्यास, २०२४ मधला, 'नेचर मेडिसिन'मधला. जर्मनीतल्या संशोधकांनी २,२८० लोकांना वैद्यकीय सल्ल्याचे नमुने वाचायला दिले. मजकूर तोच. काहींना सांगितलं हा डॉक्टरचा सल्ला, काहींना सांगितलं एआयचा, काहींना सांगितलं एआयच्या मदतीने डॉक्टरने दिलेला. नुसतं एआय म्हटलं तिथे विश्वास आणि आपुलकी दोन्हींचे गुण घसरले, यात नवल नाही. पण डॉक्टर आणि एआय दोघं मिळून म्हटलं तिथेही घसरले. एक अक्षर बदललेलं नाही, वर फक्त चिठ्ठी वेगळी. मावशीच्या रिपोर्टच्या तळाशी नेमकी तीच चिठ्ठी होती.

गोम सांगण्यात आहे, असं मला एक दिवस वाटलं. न सांगता चालवलं तर सगळं सुरळीत. आणि लगेच स्वतःच्याच विचाराची भीती वाटली, कारण ही पळवाट कुठल्याही दवाखान्याला फारच सोयीची आहे.

आम्ही लहान असताना घराजवळ एक डॉक्टर होते. स्टेथोस्कोपची चकती छातीला लावण्याआधी ते तळहातावर घासून ती कोमट करायचे. मग "मोठा श्वास", "अजून एक", आणि मग पाठीवर डाव्या हाताचं बोट सपाट ठेवून त्यावर उजव्या हाताच्या बोटाने टक टक. त्या टकटकीत त्यांना काय ऐकू यायचं हे आम्हाला कधी कळलं नाही. आईने विचारलं, "काय झालंय डॉक्टर?" की ते कागदावर काहीतरी न वाचता येणारं खरडत म्हणायचे, "विशेष काही नाही. होईल बरं." एवढंच स्पष्टीकरण. आई त्यावर समाधानाने घरी यायची. त्यांनी असं का ठरवलं, दुसरं काही का नसेल, हे विचारण्याचं धाडस कुणी केलं नाही, आणि तशी गरजही कुणाला वाटली नाही.

आज आपण म्हणतो, यंत्र आतमध्ये काय करतं ते कळत नाही, ती बंद पेटी आहे. बरोबर आहे. पण डॉक्टरचं डोकं कधी उघडं होतं? २०२१ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये तीन संशोधकांनी हेच पकडलं. लोकांना वाटत असतं की डॉक्टर त्वचेवरचा डाग बघून निर्णय कसा घेतो ते आपल्याला समजतं, अल्गोरिदमचं, म्हणजे यंत्र ज्या ठरावीक पायऱ्यांनी निर्णय घेतं त्यांचं, मात्र समजत नाही. मग त्यांना म्हटलं, बरं, डॉक्टर कसा ठरवतो ते पायरी पायरीने सांगा. सांगायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यांना डॉक्टरचंही काही समजत नव्हतं. डॉक्टरही आपल्यासारखाच माणूस, म्हणजे तो आपल्यासारखाच विचार करत असणार, एवढ्या भांडवलावर आपण समजल्याचा आव आणतो. आई त्या टकटकीवर विश्वास ठेवत होती तो असाच. त्या विश्वासाला मी हसणार नाही. त्यावर आमची सगळी बालपणं निभावली.

आणि यंत्रांचा तिटकारा आहे म्हणावं तर तेही खोटं. कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला होता. बोटाला चिमटा लावायचा, लाल दिवा लागायचा, आकडा क्षणभर घुटमळायचा आणि स्थिरावायचा. चौऱ्याण्णव आला की घरभर शांतता, सत्त्याण्णव आला की सगळ्यांचे खांदे खाली. आजारी माणूस म्हणायचा, मला धाप लागतेय, आणि घरचे त्याच्या तोंडाकडे न बघता आकड्याकडे बघून म्हणायचे, पण ठीक आहे की. त्याच वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं की हे यंत्र कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये घटलेला ऑक्सिजन गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा पकडू शकत नाही. तरी ऑक्सिमीटरवर अविश्वास दाखवणारा माणूस मला भेटला नाही. बहुधा त्याला कुणी बुद्धिमान म्हटलं नव्हतं म्हणून. तो चिमटा आपल्या हातात होता, केव्हा लावायचा ते आपण ठरवत होतो.

पण त्याला मी विचारलं.

जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत एलायझा नावाचा संवाद करणारा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. आजच्या मानाने अगदीच बाळबोध, समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारणारा. "मला उदास वाटतं" म्हटलं की "तुम्हाला उदास का वाटतं?" त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना रोज पाहिला होता, आत काही नाही हे तिला ठाऊक होतं. तरीही त्याच्याशी थोडं बोलून झाल्यावर तिने वायझेनबाउमना विनंती केली की तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? हा किस्सा यंत्राच्या जादूसाठी सांगितला जातो. मला त्यात बाहेर पाठवलेला माणूस जास्त दिसतो. यंत्रापुढे लाज वाटत नाही. मावशीने रात्री जे विचारलं, ते तिने डॉक्टरांपुढे विचारलं नसतं. मूर्ख प्रश्न, तोच प्रश्न पुन्हा, कपडे काढल्यावरचा संकोच, आपल्याला काय वाटतं हे धड न सांगता येणं, या सगळ्याचा हिशोब ठेवणारं समोर कुणी नसतं. रात्री दोन वाजता रिपोर्ट घेऊन बसणाऱ्या माणसाला कुठला डॉक्टर उपलब्ध असतो? त्यामुळे फोनमधल्या एआयवर भाबडेपणाने विश्वास टाकणाऱ्यांना नावं ठेवणं मला जमत नाही. तो चुकीचंही सांगतो, तितक्याच गोड भाषेत सांगतो, हे मी मावशीला सांगितलंय. तिने "बरं" म्हटलंय.

दुपारच्या यंत्राची गोष्ट वेगळी. ते मावशीने बोलावलेलं नव्हतं. त्याने तिला पाहिलं, तिच्याबद्दल काहीतरी ठरवलं, आणि ते तिला न सांगता दुसऱ्या कुणाला सांगितलं. तिथे विचारणारी ती नव्हती, विषय ती होती. दुपारच्या रागाचं मूळ मला इथे सापडतं. हा राग अडाणीपणाचा आहे, नवं स्वीकारायला लोकांना वेळ लागतो, जनजागृती केली की होईल, असं मोठमोठ्या परिषदांतून बोललं जातं तेव्हा मला कसनुसं होतं. कारण त्या रागाला इतिहासात पुरावा आहे.

थेरॅक-२५ नावाचं एक यंत्र होतं, कर्करोगावर किरणोपचार करणारं, संगणकावर चालणारं. एआय नव्हे, साधं सॉफ्टवेअर. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना नको इतका प्रचंड डोस दिला. त्यातली एक बाई, जॉर्जिया राज्यातली, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर उपचार घेत होती. यंत्र चालू झालं आणि तिला प्रचंड चटका बसला. ती म्हणाली, तुम्ही मला भाजलंत. तिला उत्तर मिळालं, ते शक्यच नाही. पुढच्या वर्षी टेक्ससमध्ये एका पुरुषावर उपचार चालू असताना पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढीच अक्षरं उमटली. त्या अक्षरांचा अर्थ धड कुणाला ठाऊक नव्हता, अशा किरकोळ सूचना रोजच यायच्या, म्हणून बटण पुन्हा दाबलं गेलं. त्या दिवशी त्या खोलीतला आवाज बाहेर पोचवणारी यंत्रणा बिघडलेली होती आणि कॅमेऱ्याच्या पडद्याची तारही जोडलेली नव्हती. आतला माणूस उठायचा प्रयत्न करत होता. पाच महिन्यांनी तो गेला.

यंत्र चुकतं याची लोकांना भीती असतेच, पण ती दुय्यम. मुख्य भीती अशी की मी म्हणेन "भाजलं" आणि समोरचा पडद्याकडे बघून म्हणेल "शक्य नाही". घरच्या घरी ऑक्सिमीटर लावून आम्हीही तेच करत होतो.

लोकांचा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो आधी मला जरा पोरकट वाटला होता. 'माझं वेगळं आहे.' २०१९ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की लोक वैद्यकीय एआयला नाकारतात तेव्हा त्यांच्या मनात असं असतं की हे यंत्र सरासरीच्या माणसासाठी ठीक, माझं शरीर त्याला कळणार नाही. जो जितका स्वतःला निराळा समजतो तितका त्याचा नकार पक्का. म्हटलं तर हा अहंकार. पण त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये अमेरिकेतल्या एका अल्गोरिदमचा पंचनामा छापून आला. ज्यादा काळजीची गरज कुणाला आहे हे ते ठरवत होतं, आणि आजार किती हे मोजण्यासाठी खर्च किती झाला हे बघत होतं. कृष्णवर्णीय रुग्णांवर पूर्वीपासूनच कमी खर्च होत आलेला, त्यामुळे ते जास्त आजारी असूनही यंत्राला कमी आजारी दिसत होते. संशोधकांनी हिशोब मांडला: हा दोष काढला तर ज्यादा काळजी मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. आता त्या रांगेतला एखादा म्हणाला असता की माझं वेगळं आहे, तर त्याला अहंकारी कोण म्हणणार? त्याला रांगेत यंत्र उभं आहे हेच माहीत नव्हतं. त्याच्या कागदाच्या तळाशी तर ती बारीक ओळही नव्हती.

इथे माझी आणि सोयीच्या पळवाटेची फारकत होते. विश्वास घसरतो म्हणून सांगायचंच नाही, हे चालणार नाही. घसरू दे.

बाबांच्या आजारपणात एका डॉक्टरांचा अंदाज चुकला होता. साधं आहे म्हणाले होते, साधं नव्हतं. सगळं संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले, कशासाठी ते मला आजही नीट सांगता येणार नाही. भांडायला असेल. त्यांनी फाइल मागवली नाही. दार लावून घेतलं, खुर्ची टेबलाच्या माझ्या बाजूला आणली आणि म्हणाले, "त्या दिवशी मला दोन शक्यता दिसत होत्या. मी पहिली धरली." मला बरं वाटलं का? नाही. राग गेला का? तोही नाही, अजून अधूनमधून येतो. वैद्यकीयदृष्ट्या त्या भेटीचा उपयोग शून्य. पण माझा राग घेऊन जायला एक दार होतं, आणि आत बसलेल्या माणसाला तो राग लागत होता. चॅटबॉटला चूक दाखवली की तो ताबडतोब, अगदी सभ्य शब्दांत माफी मागतो. ती माफी वाचताना माझ्या हाताला काहीच लागत नाही.

माझा एक शाळेपासूनचा मित्र रेडिओलॉजिस्ट, म्हणजे अशा प्रतिमा वाचणारा डॉक्टर, आहे. मावशीचं प्रकरण सांगितल्यावर तो हसला नाही. म्हणाला, येऊन बघ. त्याच्या कामाची खोली अंधारी, एसीचा घुमणारा आवाज, दोन उभे पडदे, आणि त्यांवर करड्या-पांढऱ्या ढगाळ प्रतिमा, नावं झाकलेली. त्याने एक कळ दाबली आणि एका कोपऱ्यात, यंत्राला संशय आलेल्या जागेभोवती, बारीक चौकोन उमटला, बाजूला त्या संशयाचा एक अंक. माझी नजर त्याच क्षणी तिकडे गेली आणि मग काही केल्या दुसरीकडे जाईना. त्या चौकोनाबाहेरची प्रतिमा मला दिसेनाशीच झाली. "आलं लक्षात?" तो म्हणाला.

त्याला हे तंत्र हवंय. ढीग मोठा असतो, डोळे थकतात, आणि संध्याकाळचे डोळे सकाळच्या डोळ्यांइतके चांगले नसतात, हे तो आडपडदा न ठेवता सांगतो. स्वीडनमधल्या मॅमोग्राफीच्या एका मोठ्या चाचणीचं त्याला फार कौतुक आहे. ८० हजारांवर स्त्रिया, निम्म्यांच्या प्रतिमा नेहमीप्रमाणे दोन रेडिओलॉजिस्टनी वाचल्या, उरलेल्या निम्म्यांच्या आधी एआयने चाळल्या आणि धोका किती ते ठरवून कुणाला एक वाचक पुरे, कुणाला दोन लागतील ते सांगितलं. २०२३ मध्ये निकाल आला. हजारामागे कर्करोग सापडले नेहमीच्या पद्धतीत पाच, एआयच्या मदतीने सहा, आणि वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं. "हजारामागे एक बाई," तो म्हणाला, "तुझ्या मावशीला सांग." मी सांगितलं. मावशीने विचारलं, ती सहावी बाई काउंटरवर काय म्हणाली असेल? मला वाटतं, ती काहीच म्हणाली नसेल. तिने तळाची ओळ वाचलीच नसेल.

मावशीची मागणीही मी त्याच्या कानावर घातली: सरांनी आधी बघावं, सिस्टिमने मग. मला वाटलं होतं तो उडवून लावेल. तो म्हणाला, "तिचं चूक नाहीये. काही ठिकाणी तसंच करतात. आधी स्वतःचं मत नोंदवायचं, मग चौकोन उघडायचे. पण त्यात वेळ वाचत नाही, आणि वेळ वाचवायलाच तर हे घेतलेलं असतं." मग त्याने मला जर्मनीतल्या कलोन शहरातला एक प्रयोग सांगितला, तोही २०२३ मधला. २७ रेडिओलॉजिस्टना ५० मॅमोग्राम वाचायला दिले, सोबत एआयचं म्हणून एक मत दिलं, आणि काही ठिकाणी ते मत मुद्दाम चुकीचं ठेवलं. मत बरोबर होतं तिथे सगळ्यांचे निकाल ऐंशी टक्क्यांच्या आसपास बरोबर. मत चुकीचं होतं तिथे नवखे वीस टक्क्यांखाली घसरले. मुरलेलेसुद्धा, वर्षानुवर्षं हेच काम केलेले, ८२ वरून ४५.५ वर आले.

मी त्याला माझी कल्पना सांगितली. ती ओळ तळाशी, बारीक अक्षरात नको. वर लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, आणि नुसतं साहाय्य घेतलं म्हणू नका. यंत्राला काय दिसलं, डॉक्टरांना काय दिसलं, कुठे दोघांचं पटलं नाही आणि मग कुणाचं धरलं, तेवढं दोन ओळींत लिहा, आणि खाली ज्याचं धरलं त्याचं नाव. माणसाचं. त्याला विचारायला जाता येईल असं. मावशीसारखी बाई ते वाचेल, तिला निम्मं कळणार नाही, पण बघितलं कुणी या तिच्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मला वाटलं कायद्याचं काहीतरी काढेल, किंवा म्हणेल एवढं लिहायला वेळ कुणाला आहे.

"पटलं नाही ते लिहिता येईल," तो म्हणाला. "पण मी चौकोन आधी बघितला आणि म्हणून पटलं, ते मला तरी कुठे कळतं?"